मळकी प्रत

त्या दिवशी तिला नुसत्या शिव्या म्हणायच्या होत्या. गोष्ट नाही, माणसं नाहीत, आगापिछा काही नाही; एकामागून एक शिव्या, आणि दोन शिव्यांच्या मध्ये श्वासभर जागा. स्टुडिओत याला 'मळकीचा दिवस' म्हणत. बोलकी पुस्तकं हल्ली दोन प्रकारांत निघायची, धुतलेली आणि मळकी. धुतलेली गाडीत मुलाबाळांसमोर लावायला, मळकी एकट्याने कानात घालून ऐकायला. वाचणाऱ्याने सगळं पुस्तक आधी धुतलेलं वाचायचं, म्हणजे छापील पानावर 'भडव्या' असलं तरी तिच्या हातातल्या कागदावर 'अरे बाबा' असायचं. मग शेवटी एक दिवस बसून वगळलेल्या शिव्या ओळीने म्हणून टाकायच्या, आणि काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक त्या जागच्या जागी बसवायचा. त्याला सगळे कानसेन म्हणत. अशा सुट्या शिव्यांत राग आणायचा कुठून, असं नवखे वाचणारे त्याला विचारायचे. तिला तो प्रश्न कधी पडला नव्हता. तिचं निम्मं आयुष्य बातम्या वाचण्यात गेलं होतं. पूर, खून आणि सरकार पडणं तिने एकाच सुरात सांगितलं होतं. आवाज तिच्या लेखी हत्यार होतं, काम झालं की पुसून ठेवायचं.

शिव्यांबद्दल तिची काही मतं होती, आणि ती कधी कुणी विचारली नसल्यामुळे जास्तच पक्की झाली होती. नव्या कादंबऱ्यांतली माणसं फार शिव्या देतात याला तिची हरकत नव्हती, वाईट देतात याला होती. तरण्या लेखकाला आपण रस्त्यावर हिंडलो आहोत हे दाखवायचं असलं की त्याचा नायक पहिल्याच पानावर कुणाच्या तरी आईवर जातो. दारं लावून लिहिणाऱ्यांच्या पुस्तकात गरीब माणसं शिवी हासडल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नाहीत. बायका पुस्तकभर सोसतात आणि शेवटाकडे एकदाच, अगदी मोजून एकदा शिवी देतात. तिथे वाचकाने मनातल्या मनात टाळ्या वाजवायच्या असतात. खरी माणसं शिवी देतात ती कुणाला तरी देतात, पुस्तकातली देतात ती वाचकाला ऐकू जावी म्हणून, हे तिने एकदा कानसेनला सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "बाई, मला सगळ्या सारख्याच. फक्त 'भ' जरा मागे सरकून म्हणा, माइकवर फुटतो."

आणि आजचं पुस्तक धाकट्याचं होतं. धाकटा म्हणजे तिचा पाठचा, वयाने बराच लहान भाऊ, ज्याचे फोटो पेपरात यायचे आणि ते कापून आईच्या उशाशी ठेवायचं काम तिच्याकडे असायचं. फोटो ती कापायची, त्याखालचा मजकूर वाचायची नाही. कादंबरीही तिने वाचली नव्हती. वाचली म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं, त्यालाही, आणि "काय ताकद आहे रे" असं मोघम काहीतरी म्हणून वेळ मारून नेली होती. बहिणीच्या आवाजात भावाची कादंबरी, ही प्रकाशकाची कल्पना. ती तिने झटकून टाकली असती. पण आईची नजर गेली होती, नुसता उजेड आणि हलत्या सावल्या तेवढ्या कळायच्या, आणि आईने धोशा लावला होता, "त्याचं पुस्तक मला तुझ्या तोंडून ऐकायचंय." आईचा सगळा जीव त्याच्यात. तिच्याकडे आई राहत होती, तिच्या हातचं खात होती, तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती, आणि 'माझा लेखक, माझा लेखक' करत होती. तेव्हा तिने धुतलेली प्रत वाचून काढली. गोदीवर माल उचलायची यारी चालवणारा एक दारुडा बाप, कमरेचा पट्टा, मूग गिळून बसणारी आई, कोपऱ्यात थरथरणारं पोर. दर दुसरं प्रकरण 'आई काही बोलली नाही' या वाक्यावर संपत होतं. आपल्या घराशी याचा काडीचा संबंध नाही हे पाहून तिला हायसं वाटलं होतं, आणि थोडं हसूही आलं होतं, कारण धाकट्याने आयुष्यात गोदी पाहिली असेल तर लांबून.

"पुढची," कानसेन तिच्या कानात म्हणाला. भडव्या झालं होतं, रांडेच्या झालं होतं, हरामखोर तीन वेगवेगळ्या चढांत झालं होतं. तिने पान बाजूला सरकवलं, आवाज न करता, बोटांच्या टोकांनी, आणि पुढची ओळ म्हटली. "तुझ्या जिभेला बुरशी येवो." आणि तिला साबणाचा वास आला. काचेच्या खोलीत, जिथे भिंतींना राखाडी फोम लावलेला होता आणि हवासुद्धा गाळून येत होती, तिथे ओल्या भिंतीचा आणि कपड्यांच्या साबणाच्या वडीचा वास. तिची मान आपोआप डावीकडे वळली. लहानपणी तिचं अभ्यासाचं टेबल ज्या भिंतीला लागून होतं ती भिंत नेहमी डावीकडे असायची. भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं. धुतलेल्या प्रतीत या जागी 'गप्प बस' होतं, आणि ते तिने किती सहज म्हणून टाकलं होतं.

घरात हेडमास्तरांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, कधी कुणाला साधं 'मूर्ख' म्हटलं नाही. आवाज चढला नाही, हात उठला नाही. राग आला की ते आईला 'आपण' म्हणू लागत. एरवी 'तू', आणि रागात 'आपण'. "आपण जरा इकडे येता का?" असं जेवणाच्या टेबलावरून अगदी मृदू आवाजात आलं की धाकट्याचा हात ताटात थांबायचा. "भाजीत मीठ किती घालतात, हे आपण या मुलांना समजावून सांगाल का?" मग आईने टेबलाशी उभं राहून ते सांगायचं, 'बेताचं' असं म्हणायचं, आणि ते विचारायचे, "बेताचं म्हणजे आपल्या मते किती?" आणि हे सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत चालायचं, आणि तेवढा वेळ आई उभी. बसा असं ते म्हणायचेच नाहीत. शेजारीपाजारी म्हणायचे, काय देवमाणूस आहे, बायकोला अहोजाहो करतो. जेवणं झाली की आई, कधीकधी धाकट्याला आंघोळीला घेऊन, न्हाणीघरात जायची, कडी लावायची आणि नळ सोडायची, पूर्ण, बादलीत धो धो आवाज होईल असा. सुरुवातीला तिला वाटलं आई गाणं गुणगुणते. मग शब्द वेगळे व्हायला लागले. मुडद्या. सडक्या. गोडबोल्या भाड्या, तुझ्या जिभेला बुरशी येवो. पाढे म्हणावेत तसं सपाट, चढ नाही, उतार नाही. पंधरा वर्षांची ती, पेन हातात धरून, श्वास रोखून ऐकत राहायची. अंगावर काटा यायचा आणि बरंही वाटायचं, फार बरं वाटायचं. या घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. मग नळ बंद. आई तोंड पुसत बाहेर यायची आणि विचारायची, "दूध तापवू का?" हेडमास्तर टेबलाशीच पेपर वाचत बसलेले असायचे. पेपराची घडी घालत ते हसून म्हणायचे, "आपल्याला पाणी फार लागतं." बस, एवढंच. पाण्याची उधळमाधळ त्यांना खपत नसे.

"ताई, काय झालं? पाणी हवंय का?" कानात आता धाकट्याचा आवाज होता. तो सकाळपासून काचेपलीकडच्या सोफ्यावर बसून होता. आपल्या शिव्या नीट म्हटल्या जाव्यात म्हणून लेखक जातीने हजर. तिला काचेतून त्याचा गुडघा दिसत होता, हलणारा.

"हे कुणाचं आहे?"

"काय कुणाचं?"

"हे जिभेचं."

"बापाचं. पट्टा काढतो ना, त्याच्या आधी."

"ती बाई पुस्तकभर तोंड उघडत नाही. तिच्या जिभेने त्याचं काय घोडं मारलंय?"

तो हसला. हसणं कानात फार जवळून येतं. "तीच तर गंमत आहे. सगळ्यांनी तेच वाक्य उचललं. जिथे जातो तिथे लोक मला तेच म्हणून दाखवतात."

"तूही उचललंच आहेस की."

कानसेन उठला, चहा घेऊन येतो असं काहीतरी पुटपुटला आणि दार ओढून गेला. आता काचेपलीकडे एकटा धाकटा, बोलायच्या बटणावर बोट ठेवून. या रचनेतला अन्याय तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जाणवला: तो बटण दाबेल तेव्हाच तिला तो ऐकू येणार, आणि ती मात्र त्याला सतत ऐकू जाणार, तिचा श्वाससुद्धा, तिने गिळलेला आवंढासुद्धा. ती गप्प राहिली तर तेही त्याला मोठं होऊन ऐकू येणार. तिने माइकपासून तोंड फिरवलं. काही उपयोग नव्हता, माइक चांगला होता.

"हेडमास्तर लिहून पाहिले मी," तो म्हणाला. "एकदा नाही, तीनदा. प्रकाशक म्हणाला, यात छळ कुठाय? माणूस बायकोला आपण म्हणतो, बायको उभी राहते. वाचणाऱ्याला काय कळणार? सभ्य माणसाचा छळ कागदावर दिसत नाही, ताई. शिवी दिसते. पट्टा दिसतो."

"मग बापाला बापाच्या शिव्या द्यायच्या होत्यास. बाजारात काय तोटा आहे? आईच्या तोंडची का काढलीस?"

"तिच्या तोंडात ठेवली असती तर वाचक तिच्यासाठी रडला नसता. शिव्या देणाऱ्या बाईसाठी कोण रडतं?"

"तिला रडायला माणसं हवी होती, असं तुला कुणी सांगितलं?"

बटण सुटलं. काचेपलीकडे त्याचे ओठ हलताना दिसले, पण आवाज आला नाही; मग त्याच्या लक्षात आलं आणि पुन्हा कानात खट् झालं. "...आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलंस. पूर आला म्हण, म्हटलं. पूर ओसरला म्हण, म्हटलं. एक ओळ तरी स्वतःच्या मनची बोललीस? भिंतीला कान असतात म्हणतात, आपल्या घरी ते तुझे होते. मी निदान आत तरी होतो, टबात बसून. तू चोरून ऐकायचीस आणि चोर मी?"

त्याला माहीत होतं. एवढी वर्षं तिला वाटत होतं की ती भिंत तिची एकटीची आहे. साबणाच्या पाण्यात बसून मग्याशी खेळणारं ते एवढंसं पोर ऐकत होतं, साठवत होतं, आणि मोठं झाल्यावर त्याने ते दुकानात मांडलं होतं. तिला त्याचा राग आला. आणि त्या रागातही हे कळत होतं की राग चोरीचा जेवढा आहे तेवढाच वाटणीचा आहे. आईची एकच गोष्ट अशी होती जी धाकट्याची नव्हती, फक्त तिची होती, आणि आता तीही तिची एकटीची उरली नव्हती.

कानसेन चहा घेऊन आला. "कानसेन," ती म्हणाली, "बापाच्या सगळ्या पुन्हा घेऊ. पहिल्यापासून." तिने हेडफोन नीट बसवले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात कानाशी धो धो पाणी सोडलं. मग ती आईसारखी बोलली. खाली, सपाट, कडा नसलेल्या आवाजात, कुणी ऐकायला नाही अशा खात्रीने. भडव्या. रांडेच्या. पट्टा काढणाऱ्या दारुड्याची एकेक शिवी तिने त्याच्या तोंडातून काढून घेतली आणि कडी लावलेल्या न्हाणीघरात नेऊन ठेवली. शेवटी ती. तुझ्या जिभेला बुरशी येवो. धाकट्याचा गुडघा हलायचा थांबला होता. आता बोल, ती मनात म्हणाली. आता सांग, हा बाप आहे. आता म्हण, ताई, हे असं नको, आणि का नको ते या परक्या माणसासमोर सांग.

"अरे, भारी," तो कानात म्हणाला. आवाज खरंच हलला होता. "ओरडतच नाहीये तो. अंगावर आलं. हेच ठेवा." कानसेनने अंगठा दाखवला. तिच्या हातातला कागद पहिल्यांदाच वाजला, आणि कानसेन म्हणाला, "तेवढं काढतो मी, बाई, काळजी नको." धाकट्याला काहीही दिलं तरी तो ते खाऊन टाकायचा, लहानपणापासून, शिळं, ताजं, दुसऱ्याच्या ताटातलं.

म्हणून तिने आईसाठी मळकी प्रत आणली. धुतलेली ऐकवली असती तर आईने डोळे पुसले असते, लेखकाचं कौतुक केलं असतं आणि दुपार गोडीगुलाबीने निघून गेली असती. पण तिला गोडीगुलाबी नको होती. आईने ऐकावं, आपले शब्द ओळखावेत, आणि आयुष्यात एकदा, एकदाच, तिची बाजू घेऊन म्हणावं की धाकट्याने वाईट केलं. पन्नाशी उलटलेल्या बाईला आईकडून एवढंसं हवं असावं याची तिला लाज वाटत होती, पण लाज वाटते म्हणून हवं असायचं थोडंच थांबतं. तिने आईला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, पायांवर चादर घातली, आणि लावलं. आई मान एका बाजूला कलती करून ऐकू लागली. ऐकताना ती ओठ किंचित हलवायची, जणू जेवणाऱ्याला घास भरवताना आपलंही तोंड उघडावं.

"हा कोण माणूस?" आईने थोड्या वेळाने विचारलं.

"बाप आहे. पुस्तकातला."

"आपल्याकडचा नाही," आई म्हणाली आणि खुर्चीत सैल झाली. "मला बाई धाकधूक होती, यांच्यावर लिहितो की काय. यारी म्हणजे ते गोदीवरचं ना? कसं सुचतं याला." मग पहिली शिवी आली. आईची मान सरळ झाली. दुसरी आली. आईने विचारलं, "हा दारू प्यालाय ना? मग असा का बोलतो?" तिने यंत्राचा आवाज थोडा वाढवला. प्रकरण पुढे सरकत गेलं, तिचाच आवाज खोलीत फिरत राहिला, बाप उठला, पट्ट्याला हात घातला, आणि मग ते वाक्य आलं, आणि त्यामागून लगेच, 'आई काही बोलली नाही.'

आईने हात वर केला. तिने यंत्र थांबवलं.

"हे याला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तू त्याला आंघोळ घालायचीस ना तिथे."

"एवढासा होता तो."

"होता."

"आणि आवाज? आवाज कुणाचा काढलास हा?"

या प्रश्नाची ती कित्येक दिवस वाट पाहत होती. "तुझा," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"माझं टेबल भिंतीला लागून होतं, आई."

आईचे हात चादरीखाली गेले. "मी नळ सोडत होते."

"तरी ऐकू यायचं."

"पूर्ण सोडत होते."

"यायचं, आई. शब्द न् शब्द यायचा. आणि ते तुझं होतं. त्याने तुझ्या तोंडातलं काढून त्या दारुड्याला दिलं, आणि तुला मुकी करून टाकलं. सगळ्या जगाने वाचलं की तू काही बोलली नाहीस. तुला काहीच वाटत नाही का त्याचं?" तिचा आवाज चढला होता, बातम्या वाचणाऱ्या, पुसून ठेवलेल्या आवाजाला असला चढ माहीत नव्हता. पण आई तिचं ऐकतच नव्हती. आईने तोंड भिंतीकडे वळवलं होतं, या घराच्या नाही, त्या जुन्या घराच्या भिंतीकडे, आणि ती काहीतरी मनाशी लावून पाहत होती, कुठली खोली कुठे होती, कुठलं दार कुठे उघडायचं.

"तुझ्या टेबलापाशी यायचं," आई हळू म्हणाली, "म्हणजे जेवायच्या टेबलापाशी येतच असणार. ते तर जवळ. दाराला लागूनच." मग म्हणाली, "आपल्याला पाणी फार लागतं." अगदी हेडमास्तरांच्या सुरात, ते गोड हसू आणि पेपराची घडी त्यात आली.

तेव्हा तिला कळलं आपण काय केलं. आईच्या सगळ्या संसारात एकच जागा अशी होती जिथे ती जिंकलेली होती. त्या माणसाला पुरून उरल्याचा, त्याच्या नाकाखाली त्याला रोज शिव्या घातल्याचा आणि त्याला कधी पत्ता न लागल्याचा एक गुपचूप आनंद ती उराशी धरून म्हातारी झाली होती. नवरा गेला तेव्हाही तो आनंद तिच्याजवळ होता. पण त्या माणसाला ऐकू जात होतं. रोज जात होतं. तो टेबलाशी बसून ऐकत होता, आणि ती बाहेर आली की हसून एक वाक्य बोलत होता, आणि त्याला तेही आवडत असलं पाहिजे. धाकट्याने पुस्तकात जे केलं ते खोटं होतं, कुणीही खोटं म्हणू शकलं असतं. तिने आईला ऐकवलं ते खरं होतं, ते कुणाला खोटं म्हणता येणार नव्हतं.

"आई, तसं नसेल," ती घाईने म्हणाली. "ते पाण्याबद्दलच बोलत असतील. त्यांना नासाडी खपायची नाही, तुला माहीत आहे ना, दिव्याचंसुद्धा ते तसंच—"

आईने तोंड वळवलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण ते बरोबर तिच्या तोंडावर येऊन थांबले, जिथून आवाज येत होता तिथे.

"तुझ्या जिभेला बुरशी येवो," आई म्हणाली.

खोलीत कुठेही पाणी वाजत नव्हतं. ती उभी राहिली, टेबलाशी उभं राहावं तशी, आणि तिच्या कानाला, ज्याला ऐकण्यापलीकडे दुसरं काही येत नव्हतं, तेवढं कळलं की स्टुडिओत ती हे चुकीचं बोलली होती. सपाट, थंड, बिनरागाचं बोलली होती, कारण भिंतीतून तिला ते तसंच ऐकू आलं होतं. राग होता. तो एवढी वर्षं पाण्यात राहून जात होता.